अशिलांची कागदपत्रं ड्राइव्हवर: कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

सांगलीचा करसल्लागार: ऑफिसात दोघंच, मी आणि भाची. साधारण ३०० अशिलांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे गूगल ड्राइव्हवर आहेत. 'सगळं एन्क्रिप्टेड असतं' म्हणतात, मग वेगळं काही करायला हवं का?

रात्रपाळीवाला: वाटेत टीएलएस, तिकडे गूगलच्या डिस्कवर एईएस-२५६; या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करण्याच्या पद्धती. दोन्ही खरं. पण किल्ल्या गूगलकडेच. तुमचा पासवर्ड कुणाला कळला, तर तो लॉगिन करणार आणि फायली उघड्या दिसणार. आधी टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री पटवावी लागते.

मग क्रिप्टोमेटर हे फायली कुलूपबंद करणारं ॲप. फाइल तुमच्याच संगणकावर कुलूपबंद होऊन वर जाते, नावासकट. व्हेराक्रिप्ट हे तसंच दुसरं ॲप यासाठी नको. त्यात सगळ्या फायलींचा एकच मोठा डबा, जरा बदल केला की अख्खा पुन्हा चढू शकतो.

सांगलीचा करसल्लागार: क्रिप्टोमेटरचा पासवर्ड विसरलो तर?

रात्रपाळीवाला: रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कुलूप उघडणारी राखीव किल्ली, कागदावर छापून तिजोरीत ठेवा. तीही हरवली तर फायली गेल्याच, मी स्वतः २ वर्षांचे फोटो घालवलेत.

भाची (मामांच्या लॉगिनवरून): मामा पासवर्ड मॉनिटरला चिकटवतात. आधी ती चिठ्ठी काढायला सांगा!