'नोस्तोस'ला मराठीत काय म्हणायचं?

होमरच्या 'ओडिसी'तल्या काही गोष्टी मुलांसाठी मराठीत लिहितेय आणि पहिल्याच पानावर 'नोस्तोस' या ग्रीक शब्दाला अडलेय. कोशातला अर्थ सरळ आहे: परत येणं, त्यातही समुद्रावरून घरी येणं. 'पुनरागमन' म्हटलं की मला गणपती आठवतात, तेही निरोप देताना. 'घरवापसी' नकोच. एक तर हिंदी घडण, आणि त्या शब्दाला अलीकडे जो रंग चढलाय तो मुलांच्या गोष्टीत कशाला? 'माघारी येणं' कानाला बरं लागतं, पण 'माघार' म्हटलं की हरून आल्यासारखं वाटतं. आमचा गडी ओडिसियस तर ट्रॉय नगर जिंकून घरी निघालाय. सुचवा काहीतरी.

* * *

'माघारी'वर उगाच अन्याय करताय. आमच्याकडे "कधी आलास माघारी?" असं कुणीही विचारतं, त्यात हारजीत नसते. पण तरी तो शब्द इथे पुरणार नाही, कारण त्यात धोका नाही.

ओडिसीच्या पाचव्या ओळीत नायक कशासाठी झटतोय? स्वतःचा जीव आणि सोबत्यांचा नोस्तोस. दोन्ही एका दमात. होमरच्याच 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, नवव्या सर्गात, ग्रीक वीर अकिलीस म्हणतो, इथे राहून लढलो तर माझा नोस्तोस बुडाला, पण कीर्ती अक्षय राहील. घरी गेलो तर कीर्ती बुडाली, पण आयुष्य मोठं मिळेल. म्हणजे नोस्तोसच्या विरुद्ध टोकाला 'जाणं' नाही, 'मरणं' आहे. ट्रॉयहून निघालेले सगळे ग्रीक वीर कुठे नीट पोचले? धाकटा अजॅक्स समुद्रात गेला. मेनेलाओस आठ वर्षं भरकटत इजिप्तपर्यंत जाऊन आला. अगामेम्नॉन पोचला, पण पोचल्यावर मारला गेला. या परतीच्या कथांचं 'नोस्तोइ' नावाचं पाच भागांचं वेगळं महाकाव्यच होतं. आज त्याचा सारांश आणि थोडे तुकडे तेवढे हाती आहेत.

म्हणून माझं मत 'सुखरूप' या शब्दाला. "पोचलो सुखरूप" असं आपण फोनवर म्हणतो, त्यातला.

* * *

'सुखरूप'ला माझाही दुजोरा, आणि कारण संस्कृतात सापडतं. ग्रीक, संस्कृत, जर्मन यांच्या सामाईक पूर्वजभाषेतल्या ज्या 'नेस्' धातूत नोस्तोसचं मूळ मानतात त्याचा अर्थ 'संकटातून सुटून घरी येणं' असा लावतात. जर्मनमध्ये 'गेनेझेन' म्हणजे आजारातून बरं होणं, तेही याच घरातलं. वेदात 'नसते' हे क्रियापद आहे: जवळ जाणं, येऊन मिळणं. आणि अश्विनीकुमारांना 'नासत्य' म्हणतात ना? यास्काच्या निरुक्तात (वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा जुना ग्रंथ) त्याची फोड 'जे असत्य नव्हेत ते' अशी दिली आहे, शिवाय नाकातून जन्मलेले अशीही एक आहे (ती मला लहानपणापासून आवडते, पटत मात्र नाही). अनेक भाषाभ्यासक 'नासत्य'चा अर्थ 'सुखरूप परत आणणारे' असा करतात. सर्वमान्य नाही, पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ११६वं सूक्त वाचा. तुग्राचा मुलगा भुज्यू भर समुद्रात सापडलाय, धरायला आधार नाही, पाय टेकायला जागा नाही. अश्विनीकुमार त्याला शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात. ऋचेतले शब्द आहेत 'ऊहथुर्भुज्युमस्तम्'.

यातला 'अस्त' म्हणजे घर! सूर्य अस्ताला जातो म्हणजे मुळात घरी जातो. आपण मात्र 'अस्तंगत' म्हणतो ते नामशेष झालेल्याला. हा 'अस्त'सुद्धा त्याच 'नेस्'मधून आला असावा अशी मांडणी आहे. तिसऱ्या मंडलात 'जायेदस्तम्' असंही आलंय: बायको हेच घर. ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला, ऐकवायला हवं होतं.

* * *

हे 'अस्त' प्रकरण मला आयुष्यभर पुरेल. पण 'सुखरूप पोचणं' घेतलं तर एक अडचण आहे. ओडिसी चोवीस सर्गांची. नायक इथाकाच्या किनाऱ्याला लागतो तेराव्यात, तोही झोपेत, आणि जागा झाल्यावर अथीना देवीने धुकं पसरल्यामुळे त्याला स्वतःचं बेटच ओळखू येत नाही. पोचणं हाच नोस्तोस असता तर गोष्ट तिथे संपली असती. पुढे भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच घरात तो शिव्या खातो. एकोणिसाव्या सर्गात म्हातारी दाई युरिक्लेइआ त्याचे पाय धुते आणि गुडघ्यावरचा रानडुकराच्या सुळ्याचा जुना वण तिच्या हाताला लागतो. पाय हातातून सुटतो, पितळी घंगाळ खणकन कलंडतं, पाणी जमिनीवर. तो तिचा गळा धरून गप्प करतो. आता यात 'सुखरूप' कुठे बसवू?

(घंगाळ ब्राँझचं होतं, मला माहीत आहे. मुलांसाठी पितळी.)

* * *

भिकाऱ्याच्या वेषावरून आठवलं. १६६६ साली महाराज आग्र्याहून राजगडावर आले, त्याला आपण 'आग्र्याहून सुटका' म्हणतो. नाव सुटण्यावर ठेवलं, पोचण्यावर नाही. जिजाऊंनी गोसाव्याच्या वेषातल्या लेकाला आधी ओळखलं नाही ही आख्यायिका घरोघरी सांगतात, तरी त्या भेटीला स्वतंत्र शब्द काही आपण केला नाही.

* * *

थोडं अवांतर. 'नॉस्टॅल्जिया' प्राचीन ग्रीक आहे असं समजून तो इथे आणू नका. परक्या देशात घरच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या दुखण्याला नाव हवं म्हणून योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलला प्रबंधात तो घडवला: नोस्तोस अधिक आल्गोस, म्हणजे वेदना. होमरच्या कानावर तो कधी पडला नाही.

आणि 'नोस्तिमोस' हे विशेषण. होमरमध्ये 'नोस्तिमोन एमार' म्हणजे परतीचा दिवस. सोबत्यांनी सूर्याच्या गाई मारून खाल्ल्या म्हणून सूर्याने त्यांचा तो दिवस हिरावला. आजच्या ग्रीकमध्ये 'नोस्तिमो' म्हणजे चविष्ट! अथेन्सच्या खानावळीत वांग्याचा मुसाका खाऊन मी हा शब्द रोज वापरायचे. त्या सोबत्यांनाही गाई 'नोस्तिमो' लागल्या असतील.

* * *

आमच्या आईला विचारलं, ओडिसियससारखा वीस वर्षांनी माणूस घरी आला तर काय म्हणशील? ती म्हणाली, "आला एकदाचा." बघा चालतंय का.

* * *

चालतंय काय, पळतंय! 'एकदाचा'मध्ये वीस वर्षं बसली. निवेदनात 'सुखरूप परत येणं' आणि 'परतीचा दिवस' ठेवते. 'आला एकदाचा' तेविसाव्या सर्गात युरिक्लेइआच्या तोंडी घालते. म्हातारी हसत माडीवर धावतेय, पाय अडखळताहेत, पेनेलोपीला उठवून सांगायचंय. पेनेलोपी डोळे उघडते आणि म्हणते, दाई, देवांनी तुला वेड लावलंय.