पहिल्या चार्ल्सचा जीव कशाने गेला: करपट्टीने की प्रार्थनापुस्तकाने?

रानवाट:
३० जानेवारी १६४९ ला इंग्लंडने आपल्याच राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला. त्याआधी राजा आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ पासून झालेली यादवी मुळात धर्मयुद्ध होती असं वारंवार वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. भांडण पैशाचं होतं. सोळावं शतकभर महागाई वाढत गेली, राजाचं उत्पन्न मात्र जुन्या दरांतच अडकलं. नव्या करासाठी पार्लमेंटची संमती लागायची, आणि १६२९ नंतर चार्ल्सने ११ वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. त्याऐवजी गाडलेले हक्क उकरून काढले. वर्षाला ४० पौंड उत्पन्नाची जमीन असूनही नाइट हा किताब घेतला नाहीत, भरा दंड. जंगलांच्या हद्दी पुरातन काळासारख्या ठरवल्या, पुन्हा दंड. साबणाचासुद्धा मक्ता दिला! पण खरा घाव शिप मनीचा, म्हणजे जहाजपट्टीचा. संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमाराला जहाजं द्यायची, ही जुनी रीत. ती १६३४ मध्ये शांततेच्या काळात लागू झाली आणि १६३५ पासून समुद्रापासून लांबच्या परगण्यांवरही. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने २० शिलिंगांच्या जहाजपट्टीसाठी खटला लढवला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाकडून, ५ विरुद्ध. पार्लमेंटला न विचारता कुणाच्याही मालमत्तेवर हात टाकता येतो, असा या निकालाचा अर्थ होता. जमीनदार याला घाबरले.

उत्तरपेठ:
घाबरले, तरी सुरुवातीची जहाजपट्टी बहुतेकांनी भरली होती. तेवढ्यावर चार्ल्सचा कारभार आणखी काही वर्षं सहज चालला असता. तो कोसळला १६३७ मध्ये, स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरामध्ये. चार्ल्स स्कॉटलंडचाही राजा होता; त्याने इंग्लिश चर्चच्या धर्तीचं नवं प्रार्थनापुस्तक तिथे लादलं आणि सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगा उसळला. इकडे इंग्लंडात चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड वेदीभोवती कठडे घालायला लावत होता, आणि अनेकांना ते कॅथलिक वळण वाटत होतं. त्याच वर्षी बिशपांविरुद्ध लिहिलं म्हणून एक वकील, एक धर्मोपदेशक आणि एक वैद्य, तिघांचे कान जाहीरपणे कापले गेले. स्कॉटलंडचा दंगा पुढे बंड झाला, आणि १६४० मध्ये स्कॉट सैन्य उत्तर इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये येऊन बसलं, दिवसाला ८५० पौंड मागत. तेव्हा मात्र राजाला पार्लमेंटशिवाय गत्यंतर उरलं नाही.

रानवाट:
८५० पौंड हाही पैसाच ना? आणि ते पार्लमेंट भरल्यावर काय झालं ते बघा. १६४१ मध्ये जहाजपट्टी बेकायदा ठरली, स्टार चेंबर हे राजाचं खास कोर्ट बंद झालं. त्याला सभागृहात जवळजवळ विरोधच नव्हता.

उत्तरपेठ:
नेमकं हेच माझं म्हणणं आहे. करांबद्दल सगळे एका बाजूला होते. एका बाजूने यादवी होत नाही, तिला दोन बाजू लागतात. एडवर्ड हाइड आणि लॉर्ड फॉकलंड हे पार्लमेंटचे दोघे सदस्य जहाजपट्टीवर तुटून पडले होते, आणि दोघेही १६४२ मध्ये राजाकडून उभे राहिले. का? बिशप हटवायचे का, चर्च मोडायचं का, हा प्रश्न आला म्हणून. त्यात ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडात कॅथलिकांचं बंड झालं. ते मोडायला फौज हवी, पण ती या राजाच्या हाती द्यायची का? नोव्हेंबरमध्ये राजावरच्या आरोपांचं ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स १५९ विरुद्ध १४८ मतांनी जेमतेम संमत झालं. ही फूट तुमच्या पट्टीने पाडलेली नाही.

रानवाट:
हाइड फिरला, मान्य. पण फौज कुणाच्या हुकमाखाली हा वाद धर्माचा कसा? खजिना आणि तलवार एकाच माणसाकडे असू नयेत, हीच ती जुनी तक्रार. १६२८ च्या पिटिशन ऑफ राइटमध्ये, म्हणजे पार्लमेंटने राजापुढे ठेवलेल्या हक्कांच्या अर्जात, राजाने सक्तीने घेतलेल्या कर्जाशेजारी घरोघर सैनिक ठेवण्याचीही तक्रार आहे. ती वाचा.

मीठभाकर:
तुम्ही दोघेही जमीनदारांबद्दल बोलताय. बिअरवर, मिठावर, मटणावर अबकारी बसवली ती पार्लमेंटने, १६४३ पासून! तिचा बोजा गरिबाच्या ताटावर पडला. १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात त्यावरून दंगल झाली. त्याच वर्षी लंडनजवळच्या पटनीला पार्लमेंटच्याच सैनिकांनी मताचा हक्क मागितला. त्यांच्या वरिष्ठांनी उत्तर दिलं की ज्याची कायमची मालमत्ता नाही त्याला मत नाही. आणि १६६० मध्ये मारलेल्या राजाचा मुलगा गादीवर परत आल्यावरचा सौदा बघा. राजाचे जमीनदारांवरचे सरंजामी देणे-हक्क कायमचे रद्द झाले, आणि त्या बदल्यात राजाला बिअरसारख्या पेयांवरची अबकारी मिळाली. जमीनदारांची पट्टी गेली, ती मजुराच्या पेल्यातून वसूल झाली. रानवाट, तुम्ही म्हणता तसं भांडण पैशाचं असेल, तर हा हिशोब त्यात कुठे बसतो ते सांगा.