वडावर भोरड्या उतरल्यात, छाटणी थांबवू का?

वडाशेजारी:
आमची सोसायटी कोथरूडला. कंपाउंडलगतचा जुना वड लाल फळांनी लगडलाय आणि गेले आठ दिवस भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवेच्या थवे त्यावर उतरताहेत. सकाळी सहालाच नुसता किचकिचाट! खालच्या गाड्या शिटांनी भरतात म्हणून कमिटीने रविवारी फांद्या छाटायचं ठरवलंय. मी विरोध केला तर म्हणाले, "पक्षीच ते, दुसऱ्या झाडावर जातील." काय सांगू त्यांना?

टेकडीकर:
ताई, हे पाहुणे निघायच्या तयारीत आहेत. एप्रिल सरेपर्यंत भोरड्या इथून हलतात, त्या थेट मध्य आशियात अंडी घालायला. एवढी मजल शिदोरीशिवाय कशी मारणार? शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा तिच्यातून दुपटीहून जास्त शक्ती मिळते. आणि सगळे वड एकदम पिकत नाहीत. आज पिकलेला दुसरा वड शोधायचा तर साठवलेलीच चरबी खर्च होते.

वाटेतही हेच. भोरड्या दिवसा उडतात, पण वटवट्यांसारखे छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात आणि उजाडलं की दिसेल त्या झाडीत उतरतात. लांबच्या उड्डाणात त्यांची आतडी आकसतात, त्यामुळे उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस खाल्लेलं अंगी लागत नाही. एकूण प्रवासात उडण्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जातो. ऑक्टोबरात वेताळ टेकडीवर आठ-दहा ग्रॅमचा पर्ण वटवट्या पानामागून पान उलगडून किडे टिपताना पाहिला, की मी तिथून आवाज न करता मागे सरतो.

माळकरी:
मी सोलापूरकडचा. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माळ्यावरून गोफण फिरवून भोरड्या हाकलायचो, कारण कणसं रिकामी व्हायची. पण वडावर त्या कुणाचं काय खातात? राहू द्या त्यांना.

नियमवाचक:
झाड सोसायटीचं असलं तरी छाटणीला महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे. कमिटीकडे कागद मागा.

वडाशेजारी:
मागितला. कागद नव्हताच. रविवारची छाटणी रद्द झाली आणि महिनाभर गाड्या मागच्या बाजूला लावायचं ठरलं. टेकडीकरदादा, तुमचा मजकूर मी मीटिंगमध्ये जसाच्या तसा वाचून दाखवला. आज गॅलरीतून एक नर अगदी हाताच्या अंतरावर दिसला. डोकं काळं कुळकुळीत, पाठ गुलाबी. फळ फोडून आतला गर ओढत होता, चोचीला लाल साल चिकटलेली. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले.