सॅकसाठी लहान, हलका टॉर्च कोणता घ्यावा?

पायवाट
मंडळी, पुढच्या महिन्यात पाच दिवस, चार रात्रींचा ट्रेक ठरलाय. मुक्काम तंबूत, सगळं सामान पाठीवर. त्यामुळे सध्या एकेक वस्तू काट्यावर ठेवून बघतोय. माझा आताचा टॉर्च तीन ट्रिपल-ए सेलचा, सेलसकट १४० ग्रॅम. मागच्या खेपेला दुसऱ्याच संध्याकाळी सॅक उघडली तर कपड्यांच्या घडीतून उजेड येत होता. बटण कशाने तरी दाबलं गेलं होतं. टॉर्च हाताला गरम लागत होता आणि सेल जवळजवळ संपलेले. तंबूच्या खुंट्या चाचपडत ठोकाव्या लागल्या.

आता ६० ग्रॅमच्या आतला हवाय. १००० लुमेनवाले (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) बघून मोह होतो. एवढा उजेड लागतो का? आणि चार्जिंगचा घ्यावा की सेलचा?

रातवा
१००० लुमेन डोक्यातून काढून टाका. तंबूत १ ते ५ लुमेन पुरतात, मळलेल्या वाटेवर ३० ते ५०. वाट हरवली आणि पुढची खूण शोधायची असेल तर १५०-२००, तेही घटकाभर. उजेड डोळ्याला दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. म्हणजे २५० आणि १००० यांतला फरक तुम्हाला दुपटीएवढाच जाणवणार, सेल मात्र भराभर रिकामा होणार. शिवाय एवढासा टॉर्च १००० वर काही मिनिटांतच तापतो आणि स्वतःच उजेड उतरवतो.

मी घेताना आधी सगळ्यात मंद उजेड बघतो. एकदा रात्री अडीचला सोबत्याच्या टाचेतला काटा काढायचा होता. माझ्या तेव्हाच्या टॉर्चचा मंद उजेडसुद्धा ४० लुमेनचा. ओल्या कातडीवरून चकाकून डोळ्यात येत होता, आणि निळसर असल्यामुळे रक्त काळपट दिसायचं. काटा कुठला आणि रक्ताची रेघ कुठली, तेच कळेना. शेवटी दुसऱ्याने त्याचा पिवळसर झाक असलेला टॉर्च ३ लुमेनवर धरला आणि काट्याचं टोक लगेच दिसलं. तेव्हापासून मी उबदार रंगाचाच घेतो. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असेल तर उत्तम.

खोक्यावरचे तास नीट वाचा. टॉर्च मोजण्याच्या एफएल-१ या मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. ‘२०० लुमेन, ६ तास’ याचा अर्थ सहाव्या तासाला तुमच्या हातात २० लुमेन.

आता तुमचा मूळ त्रास. असा टॉर्च बघा ज्याचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते. त्यासाठी आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडचा, थर हवा. तो थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे झाकण पूर्ण आवळून नळीच्या उघड्या कडेला टेकलं तरच टॉर्च लागतो. आटे चकचकीत, उघड्या धातूचे असतील तर सैल करूनही तो पेटू शकतो. घेताना झाकण काढून आटे बघाच.

दवबिंदू
रातवा यांना +१. सेलबद्दल माझं मत: एका डबल-ए सेलचा घ्या. अल्कलाइन सेल २३ ग्रॅमचा, थंडीत मान टाकतो आणि पडून राहिला की गळतो. चार्ज न होणारा लिथियम सेल १५ ग्रॅमचा, थंडीतही नीट चालतो. १८६५० हा चार्जिंगचा सेल ताकदवान खरा, पण नुसत्या सेलचंच वजन ४५ ग्रॅमच्या पुढे, तुमच्या ६० ग्रॅममध्ये बसवणं कठीण. पॉवरबँक नेणारच असाल तर मात्र हिशेब बदलतो.

टोपीला अडकेल अशी क्लिप बघा, म्हणजे तंबू लावताना दोन्ही हात मोकळे राहतात. पण धुक्यात टॉर्च कपाळावर ठेवू नका. झोत डोळ्यांच्या रेषेतून जातो आणि धुकं पांढऱ्या भिंतीसारखं समोर उभं राहतं. हातात, कमरेच्या उंचीवर धरा. दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा कुठे, उंचवटा कुठे ते कळतं. हा फरक मला धुक्यात अडकल्यावरच कळला, म्हणून आवर्जून सांगतेय.

गारगोटी
दोनच गोष्टी. १४५०० हा सेल डबल-एच्याच मापाचा असतो पण ३.७ व्होल्टचा. टॉर्च त्यासाठी बनवलेला नसेल तर आतलं सर्किट जळू शकतं. पाण्याचं म्हणाल तर टॉर्च किती पाणी सोसतो ते आयपीएक्स आकड्यावरून कळतं: आयपीएक्स-४ म्हणजे फक्त उडणारे शिंतोडे. ओढा ओलांडायचा असेल तर आयपीएक्स-७ बघा, तो १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

पायवाट
मनापासून आभार! काल जुन्या टॉर्चचं झाकण काढून पाहिलं. आटे उघडे, चकचकीत. सैल करून सॅकमध्ये टाकला असता तरी भरवसा नव्हताच. एका डबल-ए सेलचा, क्लिपवाला, सगळ्यात मंद उजेड २ लुमेन असलेला बघून ठेवलाय. लिथियम सेलसकट ४५ ग्रॅम. जादा सेल किती नेऊ?

रातवा
चार रात्रींना एक पुरेल, पण तुम्ही दोन न्या. दोन्ही मिळून ३० ग्रॅमच होतात. आणि निघण्याआधी अंधारात, डोळे मिटून सेल बदलायचा सराव करा. सेलच्या अधिक टोकाचा उंचवटा बोटाला कसा लागतो ते पाहून ठेवा.