विहिरीतला कातळ फुटतो, मांजऱ्या चुरतो आणि लाल थर फुगून बाहेर येतो, असे का?

प्रश्न : विहीरधारक, खटाव तालुका (जि. सातारा)

नमस्कार. यंदा उन्हाळ्यात आमच्या मळ्यातील जुन्या विहिरीचे खोलीकरण केले. तीन फूट काळी माती, त्याखाली साधारण 15 फुटांपर्यंत मुरूम, मग 32 फुटांपर्यंत सलग काळा कातळ, त्याखाली अडीच फुटांचा गेरूसारखा लाल थर आणि सर्वांत खाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, असा क्रम लागला. घण बसला की काळा कातळ खणखणीत वाजतो आणि त्याच्या धारदार कपच्या उडतात. त्याच घावाला मांजऱ्या जागच्या जागी चुरतो. लाल थर कोरडा असताना पहारीलाही दाद देत नव्हता, पण पहिल्या वळवाच्या पावसानंतर तो विहिरीच्या आत फुगून आला, त्याचे ढलपे पडले, आणि आठवड्याभरात त्याच्यावरील कातळाची बैलगाडीएवढी शिळा खाली आली. सुदैवाने त्या वेळी आत कोणी नव्हते.

सर्वांत बळकट म्हणून ज्याचा भरवसा धरला, तो कातळच शेवटी का कोसळला? वरच्या वजनाने तो चिरडला असे म्हणावे काय? एकाच विहिरीतील तीन खडक दाबाखाली इतके निरनिराळे का वागतात, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त प्राध्यापक (भूशास्त्र), सातारा

आपण थरांचा क्रम नीट नोंदवला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी वजनाचा हिशेब करू. घट्ट बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या कातळाची, घनता पाण्याच्या सुमारे 2.9 पट असते, म्हणून दर किलोमीटर खोलीला दाब साधारण 28 मेगापास्कलने वाढतो. आपल्या 32 फुटांवर, म्हणजे सुमारे 10 मीटरवर, तो 0.28 मेगापास्कलहून अधिक नसणार. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोहूनही थोडा कमी. अखंड काळ्या कातळाचे दाबसामर्थ्य सहज 100 मेगापास्कलच्या वर जाते. त्यामुळे कातळ वरच्या वजनाने चिरडला, ही शक्यता आपण मनातून काढून टाकावी.

तो पडला तो ताणामुळे, म्हणजे खेचले जाण्यामुळे. खडक दाब सोसण्यात जितका समर्थ, तितका ताण सोसण्यात दुबळा असतो. त्याचे ताणसामर्थ्य दाबसामर्थ्याच्या ढोबळमानाने दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भरते. लाल थर निघून गेल्यावर वरची शिळा भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जासारखी अधांतरी राहिली. अशा सज्जाच्या वरच्या बाजूला ताण येतो आणि खालच्या बाजूला दाब. त्यातही बेसाल्ट लाव्हा थंड होताना आकसतो, आणि आकसताना पडलेल्या उभ्या भेगा, ज्यांना आपण सांधे म्हणतो, त्यात आधीपासूनच असतात. सांध्यावर ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसतेच. शिळा तिथून सुटली.

आता तीन स्वभावांविषयी. काळ्या कातळाचे स्फटिक बारीक आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. भार वाढत जातो तसा तो लवचिकपणे थोडा थोडा आखडतो, त्यात ऊर्जा साठत जाते आणि मर्यादा ओलांडताच ती एकदम सुटते. आपण ऐकलेला खणखणीत आवाज त्याच्या ताठपणाचा आहे आणि उडणाऱ्या कपच्या त्या सुटलेल्या ऊर्जेच्या आहेत. मांजऱ्यात लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, आणि त्यांपैकी बऱ्याच झिओलाइटसारख्या मऊ, पांढऱ्या खनिजांनी नंतर भरलेल्या असतात. भार आला की पोकळ्यांमधील पातळ भिंती एकामागून एक मोडतात, त्यामुळे घावाची ऊर्जा एका मोठ्या भेगेत न जाता हजारो लहान मोडींत वाटली जाते. म्हणून तो चुरतो.

लाल थर हा दोन लाव्हाप्रवाहांमधील काळात वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन तयार झाला आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडला गेला. त्यात फुगणारी चिकणमाती पुष्कळ असते. कोरडा असताना तो दगडासारखा वागतो, पण भिजल्यावर त्याची ताकद मऊ मातीच्या पातळीवर येते, आणि मग 0.28 मेगापास्कल हा भारही त्याला जड होतो. तो तुटत नाही. आकार बदलत मोकळ्या बाजूला सरकतो. आपल्या विहिरीत मोकळी बाजू फक्त आतली होती.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर, मनापासून आभार. सज्जाची उपमा लगेच पटली. एक शंका उरते. भूगोलाच्या पुस्तकात हिमालयातील खडकांचे थर कापडाच्या घड्यांसारखे वळलेले दाखवतात. कठीण खडक तुटत असेल, तर तो असा वळतो कसा? आणि आपल्या अजिंक्यताऱ्यापासून सज्जनगडापर्यंत पाहावे तिकडे थर पाटासारखे आडवेच का दिसतात?

उत्तर 2 : भूकंपशास्त्राचा अभ्यासक, कराड

या शंकेचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात पायाखाली मिळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खडक तुटेल की वळेल, हे केवळ त्याच्या जातीवरून ठरत नाही. त्याला चारही बाजूंनी किती आवळले आहे, तो किती तापला आहे, भार किती सावकाश येतो आहे आणि त्याच्या छिद्रांत पाणी किती दाबाने भरले आहे, यांवर ते ठरते. थिओडोर फॉन कार्मान यांनी 1911 मध्ये इटलीतील कॅरारा येथील संगमरवराच्या दंडगोलांवर प्रयोग केले. बाजूंनी आधार नसताना तो संगमरवर ठिसूळपणे फुटला; मात्र बाजूंनी द्रवाचा दाब पुरेसा वाढवल्यावर तोच दगड न फुटता आखूड आणि जाड होत गेला. बाजूचा दाब भेगांना उघडू देत नाही, आणि भेग उघडता आली नाही की स्फटिकांना आतल्या आत सरकून जागा करावी लागते. चुनखडक आणि संगमरवर हे लवकर जमवतात, सैंधव तर त्याहूनही सहज वाहतो. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ या खनिजाला मात्र असे वाहण्यासाठी साधारण 300 अंश सेल्सिअस आणि फेल्डस्पार या खनिजाला सुमारे 450 अंश तापमान लागते. हिमालयातील घड्या अशा आवळलेल्या स्थितीत, लाखो वर्षांच्या सावकाश रेट्याने पडल्या. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आडवा पसरला आणि त्यानंतर दोन भूखंडांच्या चिमटीत तो कधी सापडला नाही, म्हणून थर आडवेच राहिले.

आता पायाखाली. कोयना भागात गोठणे येथे 2017 मध्ये पूर्ण झालेले संशोधन-विंधनछिद्र 3 किलोमीटर खोल गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक लागला. नाइसमधील गडद-फिकट पट्टे हे तो खडक अतिप्राचीन काळी, खोल आणि तप्त अवस्थेत, पिठाच्या गोळ्यासारखा मळला गेल्याचे चिन्ह आहे. आज तोच खडक थंड आहे, आणि कोयनेचे भूकंप त्याच्यातच, बहुतेक 10 किलोमीटरांच्या आत, तुटण्यामुळे होतात. सात किलोमीटरवर वरचा दाब सुमारे 190 मेगापास्कल भरतो, पण तापमान 300 अंशांच्या बरेच खाली असल्याने क्वार्ट्झ अजून वाहू शकत नाही. एकच खडक एकदा वळला आणि आता तुटतो आहे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

जुन्या भेगेचे दोन्ही काठ घर्षणाने एकमेकांना धरून असतात. भेगेतील पाण्याचा दाब वाढला की काठांवरील आवळ तितकाच कमी होतो आणि आधीपासून साठलेला रेटा मोकळा व्हायला वाट मिळते. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय आणि तेथील भूकंप यांचा संबंध प्रामुख्याने असाच लावला जातो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या, त्याही वरच्या भागात, जिथे भिंतीचा मागचा उतार बदलतो. तिथे काँक्रीटवर ताण आला होता. प्राध्यापकांनी आपल्या शिळेबद्दल सांगितले, तेच इथेही घडले.

उत्तर 3 : खडकचाचणी करणारा स्थापत्य अभियंता, सांगली

वरील दोन्ही उत्तरांत प्रयोगशाळेतील एका निरीक्षणाची भर घालतो. 54 मिलिमीटर व्यासाचे नमुने यंत्रात दाबताना काळ्या कातळासमोर आम्ही जाळी लावतो, कारण तो मोठा आवाज करून उभा चिरफळतो. मांजऱ्या आधी बराच वेळ कुरकुरतो, आणि भार पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो. लाल थराचा ओलसर नमुना मधोमध पिंपासारखा फुगतो; कोरडा तुकडा पाण्याच्या भांड्यात ठेवला, तर त्याला दाबण्याआधीच तो ढासळू लागतो. जत आणि आटपाडीकडील विहिरींत हाच थर भिंतींना दगा देतो.

म्हणून, दादा, कृपया आता घाई करू नका. उरलेल्या कातळाचा जो भाग अधांतरी आहे, त्याच्याखाली कोणालाही उतरू देऊ नका. आधी जाणकाराकडून वरूनच सांधे तपासून सुटलेल्या शिळा पाडून घ्या. त्यानंतर लाल थराच्या पूर्ण उंचीला, वर कातळाला आणि खाली मांजऱ्याला पक्की टेकेल अशी काँक्रीटची कडी घाला आणि तिच्या मागे पाणी कोंडू नये म्हणून निचऱ्याची छिद्रे ठेवा. काठावरचे पावसाचे पाणी चर खणून दूर वळवा. पावसाळ्याआधी एवढे झाले, तर वरच्या कातळाला हवा असलेला आधार परत मिळेल.