मरीन कोर मॅरेथॉन: स्मरणिकेतील टिपणाविषयी

प्रेषक: स्मरणिका समिती, व्हर्जिनिया

काका, सादर नमस्कार.

ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टन परिसरात होणाऱ्या मरीन कोर मॅरेथॉनमध्ये यंदा आपल्या मंडळातील काही जण धावणार आहेत, म्हणून स्मरणिकेत या शर्यतीवर एक पान द्यायचे ठरले आहे. टिपणाचा मसुदा मी काल मंडळाच्या ई-मेल यादीवर पाठवला. मुंबईला परतण्यापूर्वी तुम्ही अनेक वर्षे आर्लिंग्टनला राहिलात आणि दरवर्षी शर्यतीच्या मार्गावर उभे राहिलात. तेव्हा मसुदा एकदा नजरेखालून घालून जे चुकले असेल ते सर्वांसमोरच सांगावे, ही विनंती.

प्रेषक: काका, शिवाजी पार्क, मुंबई

ताई, अनेक आशीर्वाद.

मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच वाक्यात ‘अमेरिकी लष्कराने सुरू केलेली’ असे आहे, ते बदल. मरीन कोर हे लष्करापासून वेगळे दल असून त्याचा कारभार नौदल खात्याखाली चालतो. लष्कराची स्वतःची दहा मैलांची शर्यत निराळी आहे. ती 1985 पासून होते आणि तीही पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाच्या, परिसरात आणि ऑक्टोबरमध्येच असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. पण ज्या दलाच्या नावाने शर्यत आहे, त्याच दलाचे लोक आपले पान वाचण्याची शक्यता आहे, म्हणून ही चूक राहू देऊ नये.

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. ‘हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ही शर्यत सुरू झाली’ असे तू लिहिले आहेस. स्मरणाचा भाग आज या शर्यतीत मोठा आहे, हे खरे. पण आरंभीचे कारण ते नव्हते. 1975च्या एप्रिलमध्ये सायगाव पडले आणि व्हिएतनामचे युद्ध संपले, तेव्हा अमेरिकेत गणवेशातील माणसाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी कडवट झालेली होती. त्याच सुमारास, 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकल्यापासून, सामान्य अमेरिकी माणूस रस्त्यावर धावू लागला होता. या दोन गोष्टींची सांगड कर्नल जिम फाउलर या मरीन अधिकाऱ्याने घातली. 17 ऑक्टोबर 1975 रोजी त्यांनी जनरल मायकेल रायन यांना एक टिपण पाठवून मॅरेथॉन भरवण्याची सूचना केली. नागरिकांशी सलोखा वाढावा, दलाची ओळख लोकांना व्हावी, भरतीला मदत व्हावी, आणि स्थानिक मरीन सैनिकांना बॉस्टन मॅरेथॉनसाठी पात्र ठरण्याची संधी मिळावी, असे त्यांचे हेतू होते. भरतीचा उल्लेख वगळू नकोस. तो लपवून शर्यतीचा मोठेपणा वाढत नाही.

पहिली शर्यत 7 नोव्हेंबर 1976 रोजी झाली. तिचे नाव तेव्हा ‘मरीन कोर रिझर्व्ह मॅरेथॉन’ होते, कारण ती राखीव दलाने भरवली होती. 1,175 जण धावले, ऑरेगॉनच्या केनी मूर यांनी 2 तास 21 मिनिटे 14 सेकंदांत ती जिंकली आणि स्त्रियांमध्ये सुझन मॅलरी पहिल्या आल्या. विजेत्याच्या चषकाला तेव्हाचे नौदल सचिव मिडनडॉर्फ यांचे नाव आहे. 1978 मध्ये आयोजन सेवारत मरीन दलाकडे गेले आणि नावातला ‘रिझर्व्ह’ हा शब्द गळला.

या शर्यतीत रोख बक्षीस नाही, ही गोष्ट मसुद्यात शेवटच्या ओळीत आहे. ती वर घे. पैशाच्या बक्षिसांमुळे इतर मोठ्या शर्यतींत जगातले व्यावसायिक धावपटू येतात, इथे मात्र शिक्षक, परिचारिका, सैनिक आणि पहिल्यांदाच 26.2 मैल धावणारी माणसे येतात, आणि म्हणूनच तिला ‘लोकांची मॅरेथॉन’ म्हणतात. पाणी देणारे, गळ्यात पदक घालणारे हात मरीन सैनिकांचे असतात. शर्यत संपते ती आर्लिंग्टनच्या मरीन युद्धस्मारकापाशी, जिथे दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर ध्वज उभारणाऱ्या सहा जणांचा पुतळा आहे, आणि शेवटचा टप्पा चढाचा असतो. त्या चढावर थकून चालू लागलेल्या एका आजींच्या बरोबरीने एक तरुण सैनिक शेवटपर्यंत चालत गेला, ते दृश्य मी कधी विसरणार नाही.

28 ऑक्टोबर 2001ची शर्यत तुम्हां तरुणांना ठाऊक नसेल. पेंटॅगॉनवर विमान आदळून सात आठवडेही झाले नव्हते, शर्यत होईल की नाही याचीच शंका होती, तरी ती झाली आणि धावपटू त्या जळक्या भिंतीच्या बाजूने गेले. तिथे गर्दीचा आवाज एकदम बसला. फक्त पावले ऐकू येत होती. स्मरणाविषयी लिहायचे असेल तर या वर्षाविषयी लिही.

आपल्या धावपटूंना ‘पुलाची’ आठवण कर. विसाव्या मैलाच्या सुमारास चौदाव्या रस्त्याचा पूल ठरलेल्या वेळेत गाठावाच लागतो, नाहीतर बसमध्ये बसवतात. मैलाला 14 मिनिटे ही गती सुटता कामा नये. पुलावर सावली नाही आणि टाळ्या वाजवणारेही कोणी नाही. मंडळाने उभे राहायचे असेल तर पुलाच्या पुढे, क्रिस्टल सिटीत राहावे, कारण तिथवर आलेल्या माणसाला ओळखीच्या मराठी हाकेची सर्वाधिक गरज असते.

आणि शक्य असेल तर एक चौकट आपल्याकडची दे. ज्या 1976 साली ही शर्यत सुरू झाली, त्याच वर्षी आपल्या सैन्यातले शिवनाथ सिंग माँट्रिऑल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. 1978 मध्ये जालंधरला त्यांनी 2 तास 12 मिनिटांची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. आमच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये जानेवारीत पेडर रोडचा चढ चढणाऱ्या भारतीय धावपटूंत पुढे बहुधा जवानच असतात, आणि नौदलाची पश्चिम कमान स्वतःची अर्धमॅरेथॉनही भरवते. दोन्हींकडे मी पाणी घेऊन उभा असतो.

प्रेषक: स्मरणिका समिती, व्हर्जिनिया

काका, पहिला परिच्छेद पूर्ण नव्याने लिहिला आहे आणि फाउलर यांचे चारही हेतू घेतले आहेत. शिवनाथ सिंग यांची चौकट पानाच्या वरच्या कोपऱ्यात बसवली. आपले टेबल क्रिस्टल सिटीत मांडण्याची परवानगी मागितली असून, उत्तर आले की यादीवर कळवते. 2001च्या शर्यतीवर अर्धे पान तुम्हीच लिहून द्याल का? मजकूर रविवारपर्यंत मिळाला तर छपाईला वेळेत जाईल.