गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे

समीर, ए-३०२: वर्गणीतून उरलेल्या पैशात भिवापूरकडच्या चार गावांना प्रथमोपचाराच्या पेट्या द्यायच्या का? तिथली कॉलेजची पोरं स्वयंसेवक व्हायला तयार आहेत.

डॉ. मंजूषा, बी-१०४: पोरं नको जी. बारावी झाली की नागपूरला खोली करतात अन् पेटी शाळेच्या कपाटात. दिवसभर गावातच असणारी माणसं धरा. गिरणीवाला, डेअरीवर दूध मोजणारा, किराणावाली. गावामागे चार जण, त्यात दोन बाया. रात्रीच्या कॉलचं बाईच्या घरी आधीच बोलून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात नाव गळतं.

वासुदेवकाका, सी-२०१: आशाताई आहे ना प्रत्येक गावात?

डॉ. मंजूषा: आहे, पण तिच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर कशाला?

समीर: आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स?

डॉ. मंजूषा: ती येईपर्यंतचाच तर प्रश्न आहे. हृदय बंद पडलं अन् छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत हात थकतो, दाब उथळ होतो, म्हणून माणूस बदलायचा. सुतळीच्या खाटेवर तर दाबूच नका, छातीऐवजी खाटच खाली जाते. आधी जमिनीवर घ्या. काही महिन्यांत हे सगळं विसरायला होतं. पेट्या कमी करा, सरावाचा एक पुतळा घ्या अन् दर तीन महिन्यांनी गावोगाव फिरवा.

रेखाताई, सी-४०२: साप चावला तर?

डॉ. मंजूषा: चावल्याच्या वर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. जोडवी, बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका अन् सरळ दवाखाना.

वासुदेवकाका: पोलिसांच्या लफड्याला लोक घाबरतात बा.

डॉ. मंजूषा: रस्ता अपघातापुरतं तरी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. ते छापून पेटीच्या झाकणावर चिकटवा. पण माणसं गळतात ती जास्त करून दोन कारणांनी. पेट्रोलचे पैसे खिशातून जातात, ते आठवड्याच्या आत द्या. अन् पेशंट गेला की गाव स्वयंसेवकाकडेच बोट दाखवतं. त्याच संध्याकाळी कुणीतरी त्याला फोन केलाच पाहिजे.

समीर: मग पुतळा एक, पेट्या चार, उरलेलं पेट्रोलला. हातमोजे मोठ्या मापाचे सांगू?

डॉ. मंजूषा: मध्यमही सांगा. बायांना मोठे सैल होतात, गाठ मारताना बोटात अडकतात.